कंठी घातलेले गडव्याचे झाड

आमच्या घरात मासा शिजणे बंद झाले ते माझ्यामुळे, असे मोठी आई अजूनही म्हणते. ते खरे नाही. मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठ्या आईचे नवरे आणि आमच्या एकत्र घराचे कर्ते, यांनी नागऱ्याच्या यात्रेत भेटलेल्या एका महंताकडून तुळशीची कंठी घेतली आणि घरी येऊन सांगितले की आजपासून या छपराखाली जीव मारून कोणी खाणार नाही. मी त्याआधी त्यांना शाकाहारावरची काही पत्रके वाचून दाखवली होती, एवढेच. पत्रके मी सगळ्यांनाच वाचून दाखवत असे. त्यांतल्या हुंड्यावरच्या आणि वेठबिगारीवरच्या पत्रकांचा मोठ्या बाबांवर काहीच परिणाम झाला नव्हता. शाकाहाराच्या पत्रकांचा झाला. यात पत्रकांचा दोष नाही.

माझे खरे शिक्षण पत्रकांवर झाले. आमचे गाव कामठ्याच्या वाटेवर. धानाची गाडी गोंदियाला मिलवर निघाली की मी पोत्यांवर बसून जाई आणि वडील धान उतरवून घेईपर्यंत स्टेशनबाहेर चादर अंथरून बसणाऱ्या म्हाताऱ्यापाशी उकिडवा बसून वाची. परदेशी कापड, अस्पृश्यता, दारू, चहा, विधवांचे केशवपन. काही मराठीत, बरीचशी हिंदीत. पत्रकाची मला आवडलेली गोष्ट अशी की त्यात ‘परंतु’ हा शब्द फार कमी येतो.

चहावरचे पत्रक वाचल्यापासून मी चहा सोडला होता, आणि धाकट्या काकांनाही. धाकटे काका आसामात चहाच्या मळ्यावर कारकून होते. मजुरांना फसवून नेऊन त्यांच्या हाडांवर पिकवलेला तो पाला, आणि त्याचे वजन लिहून घेणारा हात माझ्या काकांचा. तसे मी त्यांना लिहून कळवले होते. त्यांनी उत्तर म्हणून मला एक फाउंटन पेन पाठवले. पेन मी वापरतो. मत बदललेले नाही.

लढाई आसामच्या सीमेला येऊन भिडली तेव्हा काकांनी काकूला गोंदियाच्या गाडीत बसवून दिले. मळ्यातल्या मजुरांना फौजेच्या रस्त्याच्या कामावर धाडले होते. त्यांची हजेरी घ्यायला काका मागे राहिले. मी बैलगाडी घेऊन स्टेशनवर गेलो. काकू उतरली. हमालाच्या डोक्यावर तिची ट्रंक होती आणि तिच्या हातात बिस्किटांचा एक मोठा डबा, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. डबा घ्यायला मी हात पुढे केला.

“हा माह्याजवळच राहू दे, बाबू,” ती म्हणाली. “ट्रंक पडली तं चालते.”

डब्यात एक झाड होते. लांब, जाड पाने. आणि प्रत्येक पानाच्या टोकातून एक तंतू निघून खाली लोंबत होता. काही तंतूंच्या टोकाला एकेक लोटी लटकली होती. खरोखरची लोटी: पोट फुगलेले, तोंडाला कंगोरेदार काठ, वर पानाचेच झाकण. आत थोडे पाणी. पुढे मी एका पुस्तकात वाचले की याला घटपर्णी म्हणतात. आमच्या घरात त्याला शेवटपर्यंत ‘गडव्याचं झाड’च म्हटले गेले, कारण आमच्याकडे लोटीला गडवा म्हणतात.

“गारो पहाडातलं हाय,” गाडीत काकू सांगू लागली. “तुह्या काकानं आणलं. निघताना म्हणाले, मी येतवरी जगव.”

मी त्या काळात घरातही छापील मराठी बोलत असे. मी म्हणालो, “काकू, झाडाच्या जगण्याचा आणि माणसाच्या परतण्याचा काहीही संबंध नसतो. ही अंधश्रद्धा आहे.”

“माहीत हाय मले,” काकू म्हणाली. “हे जगलं म्हणून ते येतीन असं नाही. ते आले तं हे असलं पाहिजे, एवढंच.”

याला माझ्याजवळ पत्रक नव्हते.

काकूला राहायला मागची खोली मिळाली. तिथे खिडकीशी तिने बांबूची टोपली टांगली आणि झाड त्यात बसवले. टोपलीत माती नव्हती. कोळशाचे तुकडे, नारळाचा काथ्या आणि विहिरीच्या दगडांवरून खरवडलेले शेवाळ, एवढ्यावर ते उभे होते. आमचे घर शेतकऱ्याचे. ज्याला माती नको, खत नको, असे झाड कोणी पाहिले नव्हते. मोठ्या आईने दया येऊन एकदा ओंजळभर शेणखत घातले. दोन-चार दिवसांत पानांची टोके काळी पडली. काकूने झाड उपसून मुळे धुतली आणि पुन्हा बसवले. पाणीही त्याला आमच्या विहिरीचे चालत नसे. विहिरीच्या पाण्याने शेवाळावर चुन्यासारखी पांढरी साय धरे आणि झाड रुसे. म्हणून काकू छपराच्या कवेलूंवरून गळणारे पावसाचे पाणी मातीच्या डेऱ्यांत धरून ठेवू लागली. सगळे घर पावसाळ्यात पाणी घराबाहेर काढत असताना ती ते आत आणत होती.

ओल भरपूर, ऊन कमी. झाड माजले. नव्या पानांना नवे गडवे आले. सुरुवातीला त्यांची झाकणे घट्ट मिटलेली असत. मग एखाद्या सकाळी एकाचे झाकण उघडलेले दिसे आणि काकूचा दिवस चांगला जाई.

इथे आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. सून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. त्याच्यासमोर आली तर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढते. तोही तिच्याशी थेट बोलत नाही. काही सांगायचे झाले तर मध्ये कोणीतरी लागते. काकू आली तेव्हा हे काम माझ्याकडे आले, आणि मी ते तत्त्व म्हणून नाकारले. एका खोलीत उभी असलेली दोन माणसे, दोघांनाही ऐकू येते, दोघांनाही जीभ आहे. मी त्यांच्यामध्ये नळासारखा का उभा राहू? “तुम्हाला बोलायचे असेल तर एकमेकांशी बोला,” मी म्हणालो.

त्यांनी दुसरी तोड काढली. एके दिवशी मोठे बाबा मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि टांगलेल्या टोपलीकडे पाहून म्हणाले, “का गा झाडा, आसामचं पत्र आलं का काही?”

काकू कोपऱ्यात पाठमोरी होती. ती झाडाला म्हणाली, “सांग ना, आलं म्हणून. खुशाल हाय म्हणते. काम लय हाय.”

“बरं हाय,” मोठे बाबा झाडाला म्हणाले आणि गेले.

त्यानंतर दोघांचा सगळा व्यवहार झाडामार्फत होऊ लागला. मी याचा निषेध केला. झाडाने केला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मोठी आई मागची खोली झाडायला गेली आणि झाडूचा दांडा लागून एक गडवा उपडा झाला. जमिनीवर काळपट पाणी सांडले. त्यात मुंग्या होत्या, माश्यांचे पंख होते, आणि एक झुरळ होते, अर्धे विरघळलेले. मोठ्या आईने ते वाकून नीट पाहिले. मग तिने जी हाक मारली तिच्यात किळस अजिबात नव्हती.

“अवो या ना! या, या! हे पाहा काय खाऊन राहिलं!”

मोठ्या आईचा आनंद समजून घ्यायला हवा. आमच्या झाडीपट्टीत तलावाखाली बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत, बोड्यांखाली धानाच्या बांध्या, आणि पावसात मासा स्वतः चालत बांधीत येतो. अशा मुलखात मोठ्या बाबांनी मासा बंद केला होता. मोठ्या आईने सुक्या झिंग्यांचे मडके शेजारी देऊन टाकले होते आणि तेव्हापासून ती रोज दुपारी शेजारी बसायला जात असे. माझे वडील शेतावरून उशिरा येत आणि त्यांच्या मिशीला मरळीचा वास असे. घरात हे सगळ्यांना माहीत होते आणि घराबाहेर असल्यामुळे कायदा मोडत नव्हता. पण हे झाड घरात होते.

संध्याकाळी बैठकीत सगळे जमले. काकू दारामागे. मध्ये पाटावर झाड.

“आमची चूल तुम्ही धुवून घेतली,” मोठी आई मोठ्या बाबांना म्हणाली. “हे तं कच्चंच खाऊन राहिलं. ह्याले माफी, अन् आमाले काऊन नाही?”

“ते झाड हाय वो.”

“झाड हाय म्हणूनच म्हणते. झाडाले बी सुटून नाही राहिलं, अन् मी तं माणूस हाव.”

वडील फक्त ‘हं’ म्हणाले. मी उठून म्हणालो की प्रश्न झाडाचा नसून न्यायाचा आहे. कायदा सर्वांना सारखा नसेल तर तो कायदा नसून लहर आहे. मोठी आई म्हणाली, “पाहा, पोट्टाबी तेच म्हणते.” मी तेच म्हणत नव्हतो. मी शाकाहाराच्या बाजूने होतो. पण स्पष्ट करायला वेळ मिळाला नाही.

मोठे बाबा झाडाकडे वळले.

“ऐक बाप्पा झाडा. तू ह्या घरात आला. ह्या घराची एक रीत हाय. इथं राहाचं असन तं तुलेबी कंठी घ्या लागन.”

दारामागून काकू झाडाला म्हणाली, “घे ना. तुह्यं काय जाते? फक्त म्हण, मले उन्हात काढू नका. ओल पाहिजे, सावली पाहिजे. बाहेर काढलं तं मी वाचत नाही म्हण.”

“कंठीवाल्याले कोण बाहेर काढते?” मोठे बाबा झाडाला म्हणाले.

अशा रीतीने झाडाने दीक्षा घेतली. मोठ्या बाबांनी स्वतःच्या माळेतला जास्तीचा एक मणी दोऱ्यात ओवून त्याच्या बुंध्याला बांधला. प्रत्येक गडव्याच्या तोंडावर मलमलीचा तुकडा बसवून दोरा आवळला. मांसाहार तोडल्यावर त्याच्या पोटाची सोय करणे कर्त्याचे काम होते, म्हणून मोठ्या बाबांनी एका गडव्यात मुगाच्या वरणाचे निवळ पाणी चमच्याने घातले. तो गडवा आठवडाभरात सडला आणि इतका घाणला की मोठ्या आईने त्याला ‘परसाद’ म्हणायला सुरुवात केली. त्यानंतर झाडाला नुसत्या पाण्यावर ठेवण्यात आले.

आणि झाड चांगले राहिले. पावसाळा सरला, धान कापून झाले, थंडी आली, झाड हिरवेगार. मोठे बाबा आल्या-गेल्याला मागच्या खोलीत नेऊन दाखवत. “जातीचा मांसाहारी हाय हा,” ते सांगत, “पण कंठी घेतली, आता पाहा कसा तुकतुकीत झाला.” हा शाकाहाराचा विजय आहे असे त्यांचे म्हणणे होते, आणि मीही तेव्हा माझ्या वहीत तसे लिहिले. काकूला मी विचारले तर ती म्हणाली, “थंडीत ओल टिकते, म्हणून चांगलं हाय. उन्हाळा येऊ दे.”

उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते गारो पहाडातल्या झाडाला कोणी सांगितले नव्हते. होळीनंतर पानांच्या कडा कुरकुरीत होऊ लागल्या. मग एकेक गडवा झाकणापासून तपकिरी होत गेला. नव्या पानांच्या टोकांना तंतू येई आणि तिथेच वाळून जाई. काकूची खोली मावळतीची; दुपारनंतर कवेलू तापून भट्टी होई. ती खिडकीला ओले लुगडे लावी. ते वाळायला वेळ लागत नसे. डेऱ्यांतले पावसाचे पाणी तळाला चालले होते. आसामचे पत्र तर माघापासूनच आले नव्हते.

काकू पत्राविषयी बोलत नसे. झाडाविषयी बोले. मोठे बाबा दारात आले की ती टोपलीला म्हणे, “बैठकीतल्या ताटीपाशी असता तं वाचला असता तू. पण भगताच्या बैठकीत कोणाले जागा भेटते?”

घरात वाळ्याची ताटी एकच होती, मोठ्या बाबांच्या बैठकीच्या दाराला. तिच्यावर दिवसभर पाणी मारले जाई आणि तिच्यातून येणारा वारा थंड, ओला असे. दुसऱ्या दिवशी मोठे बाबा स्वतः टोपली उचलून बैठकीत घेऊन गेले. त्यांना दुसरा मार्गच नव्हता. मोठी आई येता-जाता, विहिरीवर, शेजारी, सगळीकडे एकच गोष्ट सांगत होती: “कंठीनं मरून राहिलं बिचारं. असंच आमचंबी होईन.” झाड मेले असते तर घरात मासा आला असता. मोठ्या बाबांचा धर्म आणि काकूचा शब्द आता एकाच टोपलीत होते.

एका दुपारी मी बैठकीत पत्रके न्यायला गेलो. मोठे बाबा झोपलेले असतील असे समजून दबकत आत शिरलो. ते झोपले नव्हते. टोपलीसमोर उकिडवे बसले होते. शेवटच्या जिवंत गडव्यावरची मलमल सुटलेली होती. त्यांच्या हातात पळसाचे पान होते, पानावर आंब्याच्या झाडाचे लाल मुंगळे. ते पान वाकडे करून मुंगळे आत झाडत होते, आणि तोंड भिंतीकडे फिरवलेले होते.

“खा,” ते म्हणत होते. “खा बाप्पा. मी पाहून नाही राहिलो.”

मग त्यांना माझी चाहूल लागली. भिंतीकडचे तोंड तसेच ठेवून ते झाडाला म्हणाले, “कोणी आलं वाटते गा.”

मी बाहेर आलो आणि लिहायला बसलो. ते माझे पहिले स्वतःचे पत्रक. शीर्षक: ‘एका छपराखाली दोन कायदे’. दांभिकतेविषयी माझ्याजवळ भरपूर मजकूर तयार होता. फक्त मुंगळे घालायचे राहिले होते.

काकू माझ्या दारात आली. बैठकीच्या दारातून तिनेही पाहिले असावे, किंवा माझ्या चेहऱ्यावरून ओळखले असावे.

“बाबू, वाचू नको.”

“का?”

“वाचलं तं त्याईची इज्जत जाईन. अन् इज्जत गेली तं झाड बैठकीतून जाईन. पाऊस पडू दे. मंग वाच.”

“काकू, सत्याला मोसम नसतो.”

“झाडाले असते,” काकू म्हणाली.

मी तिला समजावले की आज सत्य दडवले तर उद्या सगळेच दडवावे लागेल. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “तुह्या काकानं पेन चांगला धाडला,” आणि गेली.

रात्रीच्या जेवणाला सगळे पानावर बसले तेव्हा मी पत्रक वाचले. ते बरेच लांब होते. वडिलांचा घास हातात राहिला. मुंगळ्यांचा परिच्छेद आला तेव्हा मोठ्या आईने वाढता वाढता पळी खाली ठेवली. एकट्या मोठ्या बाबांनी जेवण थांबवले नाही. शेवटी मी मागणी केली: कायदा असेल तर सर्वांना, नसेल तर कोणालाच नाही.

मोठ्या बाबांनी हात धुतले.

“बरोबर वाचलं त्यानं,” ते म्हणाले. “मीच टाकले मुंगळे. मरून राहिलं होतं. मले पाहवलं नाही.”

मोठी आई म्हणाली, “मंग?”

“मंग कायदा एकच. ज्याले जीव खाचा हाय त्यानं खा. मी कोणाले अडवत नाही. पण ह्या छपराखाली नाही. आंगणात चूल मांडा. खाणारा आंगणात.”

वाक्य पुरे व्हायच्या आत मोठी आई विटा शोधायला उठली होती. मोठे बाबा बैठकीकडे वळले. टोपली तिथे ताटीपाशी टांगलेली होती. तिच्याकडे न पाहता ते तिला म्हणाले, “तुलेबी तेच.”

दारामागे काकू होती. ती तिथूनच मागच्या खोलीत गेली.

मला जे हवे होते ते शब्दशः मिळाले होते. पत्रके लिहिणाऱ्याच्या आयुष्यात हे फार वेळा होत नाही, आणि झालेच तर पुढे काय करायचे ते कोणत्याही पत्रकात लिहिलेले नसते. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस, तोंडावर होता. त्या दिवसांत आमच्या अंगणात पापड वाळत नाहीत, भाजतात.

सकाळी काकूने आपली वळकटी बांधली. टोपली काखेत घेतली. बैठकीच्या दारापाशी थांबून, पदर ओढून, झाडाला मोठ्याने विचारले, “गोठा घरात येते का आंगणात?”

आत बाज करकरली.

“गोठा आंगणात येते,” मोठे बाबा झाडाला म्हणाले.

काकू गोठ्यात राहायला गेली. गोठ्याला कवेलू नव्हते, धानाच्या तणसाचे जाड छप्पर होते. खाली ओली जमीन, बैलांचा श्वास, पाण्याचा हौद. तिने एका मेढीला टोपली टांगली, खाली पाणी भरलेले परातीएवढे मडके ठेवले आणि बैलांच्या बाजूला आपली सतरंजी टाकली. मी बाहेरूनच तिला म्हणालो की कायदा झाडाला आहे, तिला नाही; तिने घरात यावे. ती म्हणाली, “दिवसभर शिंपडत राहा लागते, बाबू. घरातून येऊन-जाऊन नाही होत.”

दुपारपर्यंत विहिरीवर बातमी पसरली की आसामवाल्याच्या बायकोला गोठ्यात काढली. माणूस लढाईवर, आणि इकडे बायको बैलांत. मोठ्या बाबांना देवळात दोघांनी विचारले. मोठ्या बाबांना तिला परत बोलावता येत नव्हते, कारण ती झाडाशिवाय आली नसती. झाडाला बोलावता येत नव्हते, कारण कायदा सगळ्या घरासमोर केलेला होता आणि मी तो लिहून ठेवला होता.

त्यांनी ताटी काढली. त्यांनी आणि माझ्या वडिलांनी मिळून ती गोठ्याच्या उघड्या बाजूला नेऊन बांधली. “ताटी काही खात नाही,” ते टोपलीला म्हणाले. “तिले कुठंबी राहता येते.”

ताटी गेल्यावर बैठक राहण्यासारखी उरली नाही. एक-दोन दुपारी मोठे बाबा तिथे पंख्याने वारा घेत बसले. मग ते आपली बाज घेऊन गोठ्यात आले आणि काकूकडे पाठ करून ताटीपाशी पडले. मोठ्या आईने चूल आधीच गोठ्याच्या भिंतीला लावून मांडली होती, वारा लागू नये म्हणून. तिला घरात जायचे कारणच राहिले नव्हते. माझी आई स्वयंपाकघरातून मोठ्या बाबांचा वरणभात गोठ्यात आणून देई आणि मग तिथेच बसे, कारण तिथे गार होते. वडील शेतावरून सरळ गोठ्यात येऊ लागले. आता त्यांना मिशी पुसावी लागत नव्हती. मोठे बाबा मात्र वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसत, म्हणजे झिंग्यांचा वास त्यांच्याकडे येत नसे. कोणीही घरात जीव खात नव्हते. घर पूर्ण शुद्ध होते. त्यात मी एकटा राहत होतो.

मी गोठ्यात गेलो नाही. जाणे म्हणजे तडजोड मान्य करणे झाले असते. दिवसा पेनातली शाई निबेवरच वाळे.

नवतप्याच्या शेवटी एका दुपारी कोणीतरी फाटकाची कडी वाजवली. मी बाहेर आलो. फाटकापाशी एक हाडकलेला माणूस उभा होता, डोळे पिवळे, खांद्यावर फौजी कापडाची पिशवी. मी ओळखायच्या आत तो म्हणाला, “घरात कोणी नाही का गा?”

धाकटे काका होते. मलेरियाने तीन-चार महिने अंथरुणाला खिळले होते. पत्र लिहायला हात चालत नव्हता, आणि दुसऱ्याच्या हातचे पत्र आले तर घरी घाबरतील म्हणून लिहवूनही घेतले नव्हते.

“मी आहे,” मी म्हणालो.

“तू हायेसच. बाकीचे?”

“गोठ्यात.”

काकांचा चेहरा उतरला. “काऊन? वारलं का कोणी?”

“नाही,” मी म्हणालो. “कायदा झाला.”

मी त्यांना घेऊन गोठ्यात गेलो. सगळे तिथे राहायला गेल्यापासून आत पाऊल टाकायची ती माझी पहिलीच वेळ. ताटीतून गार वारा येत होता. मोठ्या आईच्या तव्यावर झिंगे चरचरत होते. वडील बैलाच्या पाठीला टेकून बसले होते. काकू टोपलीवर पाणी शिंपडत होती; तिने वर पाहिले आणि हात तसाच राहिला. मग तिला मोठे बाबा दिसले आणि तिने पदर ओढला.

काका मोठ्या बाबांच्या पाया पडले. मोठ्या बाबांनी त्यांचा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही. वडिलांनी डोळे पुसले आणि झिंग्यांच्या धुराने असे झाल्याचे सांगितले. पण थोरल्यांच्या देखत नवऱ्याने बायकोशी बोलायची आमच्यात रीत नाही. काका काकूसमोर उभे राहिले आणि दोघेही गप्प.

झाडाला चार पाने उरली होती. वरच्या पानाच्या तंतूला टोकाशी गव्हाच्या दाण्याएवढी गाठ आली होती, मिटलेल्या झाकणाची. काका वाकून ती पाहत राहिले.

“पाणी विहिरीचं तं नाही ना दिलं तुले?” त्यांनी झाडाला विचारले. त्यांना हे कोणी शिकवलेले नव्हते.

“सांग, पावसाचंच दिलं,” काकू झाडाला म्हणाली. “डेरा सरत आला होता.”

“सरू दे,” काका झाडाला म्हणाले. “मी आलो ना.”

काकू पुन्हा पाणी शिंपडू लागली. पाणी निम्मे काकांच्या पायांवर पडले.

मोठे बाबा बाजेवरून म्हणाले, “विचार गा झाडा, जेवून आला का उपाशी हाय तो?”

“त्याले कायले विचारता?” मोठी आई म्हणाली. “सख्खा भाऊ पुढं उभा हाय तुमचा!” आणि तिने काकांच्या हातात झिंग्यांचे ताट दिले. काकांनी ते उभ्याउभ्याच खाल्ले.

पडद्याची ही चाल माणसाला गुलाम करते आणि घरातल्या माणसांनी एकमेकांशी थेट बोलले पाहिजे, या विषयावर मी त्याच आठवड्यात पत्रक लिहिले. पेन काकांचेच होते; चहाच्या मळ्यांचा निषेधही मी त्यात एका परिच्छेदात केला. वाचायला गोठ्यात जावे लागले, कारण ऐकणारे तिथेच होते. सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकले. वाचून झाल्यावर मी उत्तराची वाट पाहिली.

मोठे बाबा टोपलीकडे वळले.

“चांगलं लिहिते गा हा पोट्टा,” ते झाडाला म्हणाले.